डेक माझ्या टेरेसवर, ओल खालच्या फ्लॅटमध्ये

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत २०२२ मध्ये मी रीसेलचा फ्लॅट घेतला. इमारतीचा ताबा २०१५ चा. फ्लॅटला लागून आमचं स्वतंत्र टेरेस आहे आणि आधीच्या मालकांनी त्यावर लाकडी डेक बसवलाय. मी तो दर रविवारी प्रेशर वॉशरने धुते. गेल्या पावसाळ्यात खालच्या काकांच्या बेडरूमचं छत गळलं. आता सोसायटीची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत डेक काढा, नाहीतर रोज ५०० रुपये दंड, शिवाय आम्ही माणसं लावून काढू. काकांच्या पीओपीचा खर्चही माझ्याकडेच मागताहेत. डेक काढावाच लागेल का?

उत्तर : नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यायचंच आहे, पण त्याआधी डेकच्या चार फळ्या उचलून खाली बघा. फळ्या ज्या रिपांवर बसवल्यात, त्या रिपा नुसत्या रबरी पॅडवर टेकल्यात की ड्रिल मारून कोब्यात, म्हणजे टेरेसच्या वॉटरप्रूफ थरात, आवळल्यात? कोब्यात स्क्रू गेले असतील तर प्रत्येक स्क्रूगणिक वॉटरप्रूफिंगला भोक पडलंय. त्या गळतीची जबाबदारी तुमच्यावर येईल. ‘आधीच्या मालकांनी केलं’ हे काकांना सांगून भागणार नाही. फ्लॅट आज तुमचा आहे. रिपा नुसत्या ठेवलेल्या असतील आणि कोबाच जुना होऊन तडकला असेल, तर चित्र पालटतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. बिल्डरकडे मात्र आता जाता येणार नाही. बिल्डरांवर लागू होणाऱ्या रेरा कायद्यातली दोषदुरुस्तीची मुदतही ताब्यापासून पाच वर्षांचीच.

मला तिसरी शक्यता जास्त वाटते. फळ्यांच्या फटींतून पाला आणि माती खाली जाते, पाणी जायची जाळी तुंबते आणि सगळा पावसाळा कोब्यावर पाणी उभं राहतं. तसं निघालं तर दोष तुमच्याकडेच येईल, कारण डेकखालची जाळी साफ करायला दुसरं कुणी येऊच शकत नाही.

म्हणून पाहणी एकटीने करू नका. इंजिनीअर, सेक्रेटरी आणि काका, तिघांसमोर फळ्या काढा. काकांचं छत कोरडं असताना जाळी बंद करून कोब्यावर पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खाली ओल कुठे उमटते त्याचे फोटो घ्या, पाहणीचा कागद करा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्यासोबत जोडावं लागतं. तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘खर्च भरून देते’ असं लिहू नका. समोरचा वकील ती कबुली म्हणूनच वाचेल.

रोज ५०० रुपयांचा दंड असा परस्पर लावता येत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेत तुमचं म्हणणं ऐकून निर्णय, आणि आदर्श उपविधींप्रमाणे एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांची कमाल मर्यादा. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मागून घ्या. माणसं घालून डेक उखडायचा अधिकार कमिटीला नाही. तसं होईल असं दिसलं तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागा. मात्र पूर्वसूचना देऊन कमिटी पाहणीला आली तर दार अडवू नका.

तुमची कमजोर बाजूही सांगतो. फ्लॅटमध्ये असा बदल करायला कमिटीची लेखी परवानगी लागते. ती घेतली होती का, हे आधीच्या मालकांना विचारा आणि पत्र मिळवा. नसेल तर आजच अर्ज करा.

आणि प्रेशर वॉशर बंदच करा. तो झोत लाकडाचे तंतू उचकटतो, सांध्यांत पाणी घुसवतो आणि तेच गढूळ पाणी काकांच्या बाल्कनीत पडत असेल, तर तो गळतीहून वेगळा उपद्रव ठरतो. त्यात मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. मऊ ब्रश, बादलीभर पाणी आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासणं एवढ्यात शेवाळ निघतं. पावसाळ्याआधी कडेच्या फळ्या सुट्या निघतील अशा करून घ्या, म्हणजे जाळीपर्यंत हात पोचेल.

नोटिशीच्या उत्तरात पाहणीची तारीख आणि वेळ कळवा, अहवाल येईपर्यंत कारवाई थांबवायची विनंती करा. एक प्रत काकांना द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.