वरणभात आहेच, पण आधी पुतू पिरिंग

प्रश्न: ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदाच सिंगापूरला चाललोय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. मुलगा वरणभात, तूप आणि बटाट्याच्या काचऱ्या सोडून कशाला हात लावत नाही. पॅकेजमध्ये रोज रात्री इंडियन जेवण आहे, सासूबाई म्हणतायत दशम्या, मेतकूट, लाडू सगळं बांधून न्या, आणि नवरा म्हणतो एवढे पैसे घालून तिथेही हेच खायचं तर जायचं कशाला. मला दोघांचंही पटतंय. काय करू?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेळा वेगळ्या आहेत. रात्रीचं इंडियन जेवण राहू द्या, अजिबात कॅन्सल करू नका. दिवसभर चालून दमलेलं पोर रात्री नवीन चव घेत नाही, ते रडतं. मी हे भोगलंय, माझ्या लेकीला पहिल्याच रात्री विमानातून उतरल्या उतरल्या नूडल्सचं मोठं वाडगं समोर ठेवलं, झणझणीत होतं, आणि मग पुढचे तीन दिवस ती वाडगं बघितलं की तोंड फिरवायची. चूक माझी होती, तिची नाही.

नवीन खाणं सकाळी, पण अगदी सकाळी नाही. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तिथे आठ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतात, मुलांच्या पोटाला हे लगेच कळत नाही. पहिले एकदोन दिवस खरी भूक दहा-साडेदहाला लागते. तेव्हा हॉकर सेंटरला जा, दुपारची गर्दीही सुरू झालेली नसते. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे कितीतरी छोटे स्टॉल, या संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीये, आणि सिंगापूरचे लोक रोज तिथेच जेवतात. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा धरलेली असते, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच. तिथे याला 'चोप' करणं म्हणतात. पाकीट ठेवायचं काम मुलाला द्या. आणि खाऊन झालं की ट्रे जागेवर नेऊन ठेवायचा, 2021 पासून ते सक्तीचं आहे, ते काम मुलीला.

आता खायचं काय, तर आपल्या घरच्या पदार्थांची चुलतभावंडं शोधा. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला प्राता मिळतो, पदर सुटलेला परोठाच तो. 'प्राता कोसोंग' मागायचा, मलयमध्ये कोसोंग म्हणजे रिकामा, म्हणजे साधा. ही ऑर्डर मुलीला देऊ द्या, मूल स्वतः मागवलेलं खातं हे मी कितीदा बघितलंय. सोबतची करी बहुतेकदा माशाची किंवा मटणाची असते, म्हणून डाळ आहे का विचारा, नाहीतर सरळ साखर मागा, तिथे साखरेबरोबर खातातच. मग काया टोस्ट, काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरांबा म्हणा हवं तर, आणि भाजलेल्या पावात गार लोण्याचा जाड तुकडा. इराण्याकडचा बनमस्का आवडणारं पोर याला नाही म्हणणार नाही. मोठ्यांना कॉफी, मुलांना मायलो डायनासोर, म्हणजे मायलो या गार चॉकलेटी पेयावर त्याच्याच कोरड्या पावडरीचा ढीग. पुतू मायम म्हणजे तांदळाच्या शेवया, वर खोबरं आणि गुळासारखी साखर, कोकणातले रस-शिरवाळे माहीत असतील तर लगेच ओळखाल.

आणि माझं सगळ्यात लाडकं, पुतू पिरिंग. गेलांग सेराईच्या बाजूला मलय खाण्याचे स्टॉल आहेत तिथे मिळतं. स्टॉलसमोर मुलांना उभं करा आणि बघू द्या: बशीएवढा साचा, त्यात तांदळाची पिठी, मधोमध ताडगुळाचा चुरा, वरून पुन्हा पिठी, आणि वाफेवर काही मिनिटं. काढलं की केवड्याच्या जातीतल्या पांदानच्या पानावर ठेवतात, बाजूला किंचित मिठाचं ओलं खोबरं. उकडीचा मोदकच हो, फक्त कळ्या नाहीत! माझ्या लेकीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, आई इथे पण गणपती असतो का. तिचं ते तीन दिवसांचं रुसणं तिथेच संपलं.

तुमच्यासारख्या शाकाहारी लोकांनी एक पक्कं लक्षात ठेवायचं, नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. सांबल नावाच्या तिखट चटणीत बेलाचान म्हणजे सुकट वाटून केलेला गोळा असतो, लाक्सा या नूडल्सच्या रश्शातही सुकट असते, भाज्या पण त्यातच परततात. म्हणून 'बेलाचान नको, फिश सॉस नको' असं नाव घेऊन सांगा. बौद्ध पद्धतीचे शाकाहारी चिनी स्टॉल असतात ते सेफ, तिथे बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, हे सासूबाईंना नक्की सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर रोजाक म्हणजे फळं-भाज्यांची कोशिंबीर आणि शेंगदाण्याचा साते सॉस लांबच ठेवा.

दशम्या न्या, मेतकूटही न्या, पण हॉटेलच्या खोलीसाठी. मेट्रोत काहीही खायला-प्यायला बंदी आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत. मुलाला स्टेशनात शिरायच्या आधीच पाणी पाजा, नळाचं पाणी तिथे पिण्यासारखं असतं, बाटली भरून घेत जा.

मुलाने एखादी गोष्ट थुंकली तर थुंकू द्या, दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं तीच खात बसा, त्याला आग्रह नको. आणि पुतू पिरिंग हातात आलं की आधी मधोमध फोडून जरा निवू द्या, आतला वितळलेला गूळ जीभ भाजतो.