मार्च मॅडनेसचे 68 संघ कसे निवडतात, आणि शेजारच्या कॉलेजशी हरणं इतकं महाग का पडतं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 68 संघ ठरतात कसे, हा पहिला. आणि शेजारच्या कॉलेजशी हरून निवड धोक्यात येत असेल तर मोठे संघ असे सामने बंद का करत नाहीत, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नियमांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की काहींनी ते बंद केलेच होते, आणि त्यात खेळाचं खरंखुरं नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. मी फिलाडेल्फियात राहते. या वादाचं इतकं चांगलं उदाहरण दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुरुषांच्या स्पर्धेबद्दलच लिहिते आहे.

आधी निवड. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत विभागात जिंकलात की आंतरविभागीयला जाता, तिथून पुढे विद्यापीठाचा संघ. इथे तसं नाही. सगळ्यात वरच्या स्तरात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि ती वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे हंगामात आपसात खेळणाऱ्या गटांमध्ये, वाटलेली आहेत. 2025 च्या स्पर्धेत 31 जागा कॉन्फरन्स विजेत्यांना आपोआप मिळाल्या. उरलेल्या 37 जागा निवड समितीने भरल्या. या समितीत 12 जण असतात, सगळे कुठल्या ना कुठल्या कॉलेजचे क्रीडा संचालक किंवा कॉन्फरन्सचे कमिशनर. स्वतःच्या संघाची चर्चा सुरू झाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं असा नियम आहे. 2025 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे क्रीडा संचालकच समितीचे अध्यक्ष होते. पहिल्या गटातल्या, म्हणजे सगळ्यात अवघड, 13 सामन्यांपैकी एकच जिंकूनही नॉर्थ कॅरोलायनाला जागा मिळाली आणि वेस्ट व्हर्जिनियाला मिळाली नाही, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन निषेध केला. यावरून या 37 जागांचं मोल किती आहे ते लक्षात येईल. पैसाही आहेच: स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून अंदाजे वीस लाख डॉलर मिळतात.

मी वर ‘पहिला गट’ म्हटलं, तिथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ आहे. 2018-19 च्या हंगामापासून समितीसमोर ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. कोणाला हरवलं, कुठे हरवलं, आणि चेंडूच्या दर ताब्यामागे किती गुण केले आणि किती दिले, हे सगळं त्यात मोजलं जातं. त्या क्रमवारीवरून प्रत्येक सामना चारपैकी एका गटात पडतो. इथे त्याला क्वाड म्हणतात. पहिल्या 30 मधला संघ तुमच्या घरी आला, पहिल्या 50 मधला तटस्थ मैदानावर भेटला, किंवा पहिल्या 75 मधल्या संघाच्या घरी तुम्ही गेलात, तर तो क्वाड 1. चौथा क्वाड तळाचा: घरी 161 व्या क्रमांकापासून खाली, तटस्थ मैदानावर 201 पासून, बाहेर 241 पासून. क्वाड 1 मध्ये हरलात तर कोणी फारसं विचारत नाही. क्वाड 3 किंवा 4 मध्ये हरलात की तुमच्या पानावर तो डाग हंगामभर राहतो. क्वाड 4 मध्ये जिंकलात तरी हातात काही पडत नाही.

आता कल्पना करा, तुम्ही एका बलाढ्य कॉन्फरन्समधला मोठा संघ आहात आणि 20 किलोमीटरवर एक छोटं कॉलेज आहे, नेटमध्ये दोनशेच्या आसपास. त्याच्याशी जिंकून मिळत काहीच नाही, हरलात तर मार्चपर्यंत सगळे तेच उगाळणार. त्यापेक्षा लांबच्या एखाद्या दुबळ्या संघाला पैसे देऊन घरी बोलवावं आणि 40 गुणांनी हरवावं, ते परवडतं. दर ताब्यामागचे गुण मोजले जात असल्याने मोठ्या फरकाने जिंकल्याचा फायदाही होतो. शेजाऱ्याला 40 गुणांनी हरवणं सहसा जमत नाही. तो संघ तुमच्याविरुद्ध वर्षातला सगळ्यात चांगला खेळ खेळतो. त्यातली निम्मी मुलं तुमच्या मुलांबरोबर त्याच शाळांत, त्याच उन्हाळी लीगमध्ये वाढलेली असतात, त्यांना तुमच्या खेळाडूंच्या सगळ्या खोडी पाठ असतात.

हे फिलाडेल्फियात अक्षरशः घडलं. इथे ‘बिग फाइव्ह’ म्हणून पाच कॉलेजांचा गट आहे: पेन, टेम्पल, ला साल, सेंट जोसेफ्स आणि व्हिलानोवा. त्यांनी ठरवलं की 1955-56 च्या हंगामापासून दरवर्षी आपण एकमेकांशी खेळायचं. कॉलेजं वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विखुरली तरी हे सुरू राहिलं. नव्वदच्या दशकात पूर्ण साखळी मोडली आणि काही वर्षांनी पुन्हा जुळली. 2023 मध्ये सहावं कॉलेज आलं, ड्रेक्सेल. ते पेनला इतकं चिकटून आहे की एकाचं आवार कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे नव्या माणसाला कळत नाही. माझी मुलगी ड्रेक्सेलची, त्यामुळे मी कोणाच्या बाजूची ते आधीच सांगून टाकते.

त्या 2023 च्या हंगामात व्हिलानोवाचं काय झालं बघा. 13 नोव्हेंबरला ते पेनकडून 76-72 असे हरले. मग बहामाला गेले आणि सलग तीन दिवसांत टेक्सास टेक, नॉर्थ कॅरोलायना आणि मेम्फिसला हरवून तिथली स्पर्धा जिंकले. यातला नॉर्थ कॅरोलायना पुढे मार्चमध्ये अव्वल मानांकन घेऊन उतरला. बहामाहून परत आले आणि 29 नोव्हेंबरला सेंट जोसेफ्सकडून 78-65 असे हरले. 2 डिसेंबरला ड्रेक्सेलने त्यांना 57-55 असं हरवलं. देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एकाला हरवणारा संघ स्वतःच्या शहरात सहापैकी सहावा आला! मार्चमध्ये त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. दोष फक्त या सामन्यांचा नव्हता, बिग ईस्ट या त्यांच्या कॉन्फरन्समध्येही ते भरपूर हरले होते आणि हंगाम 18 विजय आणि 16 पराभवांवर संपला. पण पेन आणि ड्रेक्सेलविरुद्धचे पराभव खालच्या गटांत पडले, आणि व्हिलानोवाची बाजू मांडायला बसणाऱ्या कोणालाही आधी त्यांचा खुलासा करावा लागत होता.

व्हिलानोवाचे चाहते तेव्हा म्हणत होते, कशाला हवेत हे सामने. मला तो राग समजतो. माझं म्हणणं वेगळं आहे. मोजपट्टी चुकीची असेल तर मोजपट्टी बदलायला हवी, सामने काढून टाकायचं काही कारण नाही.

पलेस्ट्रा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पेनच्या आवारातलं ते सभागृह 1927 मध्ये उघडलं. जेमतेम 8,700 माणसं मावतात. बसायला पाठ नसलेले बाक, तेही थेट मैदानाच्या काठापर्यंत, त्यामुळे समोरच्या खेळाडूचा श्वास ऐकू येतो. बिग फाइव्हचे सामने वर्षानुवर्षं इथेच व्हायचे, एकाच संध्याकाळी दोन दोन. पूर्वी आपल्या संघाने पहिली बास्केट केली की विद्यार्थी रंगीत कागदी फिती मैदानावर फेकायचे. ते पुढे नियमाने बंद झालं. सेंट जोसेफ्सचा ससाण्याचा वेश घेतलेला विद्यार्थी सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पंख हलवत राहतो, विश्रांतीच्या वेळेतसुद्धा थांबत नाही. इथल्या बाकांवर एकाच घरातली माणसं समोरासमोरच्या बाजूंना बसलेली मी पाहिली आहेत: वडील टेम्पलचे, लेक ला सालची. ही माणसं दुसऱ्या दिवशी एकाच ऑफिसात, एकाच बसमध्ये भेटतात. लांबच्या संघाला हरवल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. शेजाऱ्याला हरवल्याचा वर्षभर पुरतो, कारण तो शेजारी रोज समोर असतो.

छोट्या कॉलेजांसाठी तर हा जीव की प्राण आहे. ड्रेक्सेलने 2012 मध्ये 27 सामने जिंकले होते, फक्त 6 हरले होते, तरी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरल्यावर समितीने त्यांना घेतलं नाही. 2021 मध्ये कॉन्फरन्स जिंकून ते गेले, तेही 1996 नंतर पहिल्यांदा. म्हणजे अशा कॉलेजात चार वर्षं शिकून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांना राष्ट्रीय स्पर्धा कधी बघायलाच मिळत नाही. त्यांचा मोठा दिवस म्हणजे डिसेंबरातला व्हिलानोवाविरुद्धचा सामना. तो काढून घेतला तर त्यांच्याकडे उरतं काय?

आणि गंमत बघा, ही राष्ट्रीय स्पर्धा आज जी आहे ती घडवण्यात कॉन्फरन्समधल्या वैराचाच हात आहे. 1974 पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ जाऊ शकायचा. त्या वर्षी 9 मार्चला ग्रीन्सबरोमध्ये एसीसी या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत 103-100 असं हरवलं. मेरीलँड देशात चौथ्या क्रमांकावर होता आणि घरी बसला. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता ठरला. हे अन्यायाचं आहे हे सगळ्यांना दिसलं, आणि 1975 पासून स्पर्धा 32 संघांची झाली, एका कॉन्फरन्समधून दुसराही संघ घेता येऊ लागला. आजच्या 37 जागांची मुळं तिथे आहेत.

उलट दिशेचं उदाहरण केंटकीचं. लेक्सिंग्टनचं केंटकी विद्यापीठ आणि सव्वाशे किलोमीटरवरचं लुईव्हिल यांच्यात 1922 नंतर नियमित हंगामात एकही सामना नव्हता, केंटकी खेळायलाच तयार नसे. 1983 मध्ये स्पर्धेच्या जोडण्यांमुळे दोघे नॉक्सव्हिलला समोरासमोर आले आणि लुईव्हिलने जादा वेळेत 80-68 असा विजय मिळवला. राज्याचे गव्हर्नर अर्धा लाल, अर्धा निळा कोट घालून बसले होते. त्यानंतर लोकांचा रेटा असा वाढला की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून दोघांचा वार्षिक सामना सुरू झाला. वरच्या मोठ्या संघाला खालच्या शेजाऱ्याशी खेळायचं नसतं, हे जुनंच आहे. नेटने त्याला फक्त आकड्यांचं कारण पुरवलं.

सामने मोडले ते बहुतेक कॉन्फरन्स बदलण्याच्या नादात. मिझुरी एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं आणि कॅन्ससशी शंभर वर्षांहून जुनं वैर 2012 मध्ये थांबलं; बास्केटबॉलमध्ये ते 2021 मध्ये परत सुरू झालं. इंडियाना आणि केंटकी यांचा दरवर्षीचा सामनाही 2011-12 नंतर बंद पडला, तो कोणाच्या घरी खेळायचा यावर एकमत होईना म्हणून.

मग काय करावं? मला असं वाटतं की सलग अनेक वर्षं खेळले जाणारे, ठरावीक अंतरातले सामने समितीच्या कागदावर वेगळे दाखवावेत आणि त्यातला पराभव खालच्या गटात टाकू नये. विजयाचं श्रेय हवं तर नेटप्रमाणेच राहू द्या. पळवाटा निघतील, प्रत्येक जण कुठल्यातरी सोप्या संघाला ‘आमचा जुना प्रतिस्पर्धी’ म्हणू लागेल. म्हणून अंतर आणि वर्षं या दोन्ही अटी कडक हव्यात. समितीत 12 जाणती माणसं बसवली आहेत ती आकड्यांपलीकडचं बघण्यासाठीच. तसंही जोड्या लावताना समिती ओळखीच्या संघांचा विचार करतेच: एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ हंगामात तीनदा खेळले असतील तर विभागीय अंतिम फेरीआधी, म्हणजे शेवटचे आठ संघ उरेपर्यंत, शक्यतो त्यांची गाठ पडू दिली जात नाही. पंधरावीस किलोमीटरवरचे ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या स्पर्धेत पहिल्यांदा भेटले ते थेट 2022 च्या उपांत्य सामन्यात. नॉर्थ कॅरोलायनाने 81-77 असा तो जिंकला आणि ड्यूकचे प्रशिक्षक माइक शिशेव्स्की यांची 42 हंगामांची कारकीर्द तिथे संपली. जोड्या लावताना वैराचं भान ठेवता येतं, तर निवड करतानाही ठेवता येईल.

शेजाऱ्यांशी खेळून नुकसानच होतं असंही समजू नका. 2003-04 मध्ये सेंट जोसेफ्सने बिग फाइव्हमधल्या चारही शेजाऱ्यांना हरवत नियमित हंगाम 27-0 असा संपवला, आणि कॉन्फरन्सच्या स्पर्धेत हरूनही त्यांना अव्वल मानांकन मिळालं.

तुम्हाला पुढच्या हंगामात हे स्वतः बघायचं असेल तर संघांची घोषणा मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी होते. भारतात तेव्हा सोमवारची पहाटेची साडेतीनची वेळ असते. पण माझं ऐकाल तर सुरुवात डिसेंबरपासून करा. फिलाडेल्फियात बिग फाइव्हचे तीन सामने एकाच दिवशी, सिक्सर्स हा व्यावसायिक एनबीए संघ खेळतो त्या मोठ्या अरेनात होतात. सहाही कॉलेजांचे विद्यार्थी एका छताखाली असतात. तो एक दिवस बघा आणि मग नेटची क्रमवारी उघडून त्या सामन्यांना कुठला गट मिळाला ते तपासा.