गणित की कॉम्प्युटर? देवगडच्या विद्यार्थिनीला उत्तर

तू लिहितेस, ‘बारावी सायन्सला आहे. गणित जीव की प्राण. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं क्ष = क्ष + १ मनाला पटेना, हॅस्केल ही दुसरी भाषा मात्र गणितासारखी वाटली. घरचे म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच कर. गणिताचा आणि प्रोग्रामिंगचा खरंच काही संबंध आहे का?’

तुला न पटणं अगदी रास्त आहे. पायथॉनमध्ये ते समीकरण नसतं, ‘क्षची किंमत एकाने वाढव’ असा हुकूम असतो. हॅस्केलमध्ये ‘=’ म्हणजे खरोखरच बरोबर. हॅस्केलसारख्या, फंक्शन्सवर उभ्या असलेल्या ‘फंक्शनल’ भाषांचं मूळ अलोन्झो चर्च या गणितज्ञाने १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे फंक्शन्सच्या गणितात आहे. तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हतेच.

आता तुमच्या पडवीतलंच बघ. आढीतले आंबे दोघांनी वाटून मोजले, १२० आणि ८५. बेरीज २०५. एका ढिगात मोजले तरी २०५च. हे कायम खरं, हे सिद्ध कसं करशील? अकरावीचं इंडक्शन आठव. पहिला ढीग रिकामा असेल तर विधान उघडच खरं. एखाद्या ढिगासाठी ते खरं धर आणि त्यात एक आंबा टाक, दोन्ही बाजू एकाने वाढतात. झालं! हॅस्केलमध्ये यादीची लांबी मोजणारं फंक्शन याच दोन ओळींत लिहितात (एक रिकाम्या यादीसाठी, एक घटक वाढल्यावर काय ते सांगणारी), म्हणजे प्रोग्रामचा आणि सिद्धतेचा साचा एकच.

सरासरी मात्र अशी जोडता येत नाही. १२० आंबे सरासरी २५० ग्रॅमचे आणि ८५ आंबे ३०० ग्रॅमचे, तर एकूण सरासरी २७५ नव्हे, सुमारे २७१ येते. म्हणून प्रत्येकाने सरासरीऐवजी एकूण वजन आणि नग अशी जोडी द्यायची. जोड्यांची खुशाल बेरीज करता येते. प्रचंड माहिती अनेक यंत्रांवर वाटून देताना नेमका हाच विचार करावा लागतो. गूगलने २००४ साली मांडलेल्या मॅपरिड्यूस पद्धतीची मूळ कल्पना लिस्पसारख्या फंक्शनल भाषांतूनच घेतलेली होती.

नोकरीचं स्पष्ट सांगते. आपल्याकडे निव्वळ हॅस्केलच्या जागा मोजक्याच आहेत, त्या भरवशावर पदवी निवडू नकोस. पण ही विचारपद्धत सगळीकडे शिरली आहे. जावा या सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषेतही २०१४पासून लॅम्डा, म्हणजे बिननावाची फंक्शन्स, आहेत.

माझं मत विचारशील तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची बी.एस्सी. ऑनर्स तुझ्यासाठीच आहे. बंगळुरूच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.मॅथ, म्हणजे गणिताची पदवी, तेही बघ. दोन्हीकडे वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि तिथे बऱ्याच प्रश्नांना नुसतं उत्तर चालत नाही, ते का बरोबर हे लिहावं लागतं. चेन्नईच्या जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. एक घे, रविवारी तीन तास बसून सोडव. सीईटीचा फॉर्म तरीही भर, बाबांना धीर येईल.

हॅस्केलवर एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची) मोफत व्याख्यानं आहेत, पण ती परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात. त्याआधी ती सरासरीची जोडी इंडक्शनने सिद्ध करून मला पाठव.