कोरीवकामासाठी पटाश्या कशा निवडाव्यात?

प्रश्न : सागाच्या देव्हाऱ्यावर वेलबुट्टी कोरायला शिकत आहे. बारा पटाश्यांचा स्वस्त संच घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, त्यातल्या निम्म्या पटाश्यांना हातही लागत नाही. त्याच पैशांत एक सपाट, एक व्ही-आकाराची आणि 10 ते 12 मिलिमीटर रुंदीच्या, एक उथळ व एक खोल, अशा दोन गोल (पन्हळीसारख्या वळणदार पात्याच्या) पटाश्या सुट्या घ्याव्यात. सागातील सिलिका धार लवकर बोथट करते, म्हणून पोलादाचा कडकपणा रॉकवेल सी मापाने 58 ते 61 असावा. गोल पटाशीची आतली बाजू खडबडीत असेल, तर पाठ कितीही चकचकीत असली तरी ती दुकानातच ठेवावी, कारण आतली आणि बाहेरची बाजू जिथे मिळते तिथेच धार तयार होते. निसण्याचे (धार लावायच्या दगडाचे) पैसे मात्र आधीच बाजूला काढावेत.