स्पीकर असून गप्प का?

प्रश्न : मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्याच्या नादाने मीपण टीव्हीवर लोकसभेचं कामकाज बघायला लागलोय. अध्यक्षांना इंग्लिशमध्ये स्पीकर म्हणतात, आणि स्पीकर म्हणजे तर बोलणारा. पण तिथं बाकीचे सगळे घसा फोडून ओरडतायत आणि हा बाबा एकटाच गप्प, तोंड उघडलंच तर ‘बैठिए, बैठिए’. असं उलटं नाव कसं काय पडलं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ‘बैठिए’ला खूप हसलो, पण नाव उलटं नाहीये हो. सभागृहात बोलणारा असा त्याचा अर्थ कधी नव्हताच, सभागृहाच्या वतीने राजापुढे जाऊन बोलणारा तो स्पीकर. पेशवाईत एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारात असायचा ना, त्यातलाच प्रकार समजा.

इंग्लंडच्या राजाला लढाईसाठी पैसा लागला की तो लोकांच्या प्रतिनिधींना बोलावून कर मंजूर करा म्हणायचा, मग ही मंडळी आपापसात बसून काय ते ठरवायची आणि ठरलेलं दरबारात सांगायला एकाला पुढं करायची. १३७६ मध्ये पीटर डी ला मेअर नावाच्या माणसाने हे काम केलं, राजाच्या मर्जीतल्या लोकांनी पैसे खाल्ले असं तोंडावर सांगितलं, आणि बक्षीस काय तर त्याच वर्षी तुरुंगात रवानगी. पुढच्याच वर्षी थॉमस हंगरफर्ड आला, स्पीकर हे पद ज्याच्या नावापुढे नोंदलेलं सापडतं असा हा पहिला.

अजूनही ब्रिटनमध्ये नवा स्पीकर निवडला की सहकारी त्याला धरून ओढत खुर्चीपर्यंत नेतात आणि तोही नको नको करतो. पूर्वी स्पीकरची मुंडकी उडायची म्हणून ही प्रथा, असं सांगतात. मुंडकी उडाली हे खरंय, पण राजाला निरोप सांगितला म्हणून उडाली असं सरसकट नाही, बहुतेकांना तेव्हाचं राजकारण भोवलं. थॉमस मोअरचंच बघा. १५२३ मध्ये स्पीकर असताना त्याने आठव्या हेन्रीकडे सदस्यांना मोकळेपणी बोलू द्या अशी मागणी केली होती, पण १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो राजाला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेतली नाही म्हणून, स्पीकरपद तर कधीच मागे पडलेलं.

मला विचाराल तर या शब्दाचा खरा अर्थ ४ जानेवारी १६४२ ला कळतो. पहिला चार्ल्स राजा शिपाई घेऊन पाच सदस्यांना पकडायला थेट सभागृहात घुसला, स्पीकरच्या खुर्चीशी गेला आणि विचारलं, कुठायत ते? ते पाचजण आधीच नावेत बसून पसार झालेले. स्पीकर विल्यम लेंथॉल गुडघ्यावर बसला, राजाचा मान ठेवला, पण सांगितलं काय, तर हे सभागृह सांगेल तेवढंच बघायला मला डोळे आणि तेवढंच बोलायला मला जीभ. म्हणजे जीभ माझी, शब्द यांचे. राजा हात हलवत परत गेला, आणि त्यानंतर कुठलाच राजा किंवा राणी त्या सभागृहात आत गेलेली नाही.

पुढे राजाची सत्ता गेली, निरोप नेण्याचं काम उरलं नाही, खुर्ची मात्र राहिली आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघूनच बोलायचं हा नियम राहिला. आपले आमदार समोरच्याला टोले हाणतानासुद्धा दर वाक्याला ‘अध्यक्ष महाराज’ करतात ते त्यामुळेच.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत आधी प्रेसिडेंट म्हणायचे, १९२५ मध्ये निवडून आलेले विठ्ठलभाई पटेल प्रेसिडेंटच. प्रांतांमध्ये स्पीकर हा शब्द १९३५ च्या कायद्याने आला, आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे स्पीकर झालेले दादासाहेब मावळंकर पुढे १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचेही झाले. (मूळ घराणं रत्नागिरीकडचं, मुलाला सांगा, परीक्षेत विचारणार नाहीत पण असू दे.) लोकसभेचा स्पीकर एरवी मतदान करत नाही, दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच त्याचं मत, हे मात्र विचारतात, राज्यघटनेचं कलम १००. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर तर आमदार-खासदार अपात्र की पात्र हा निकालही तोच देतो, २०२४ च्या जानेवारीत आपल्या विधानसभेच्या अध्यक्षांना शिवसेनेच्या आमदारांचा निकाल केवढा वेळ वाचत बसावं लागलं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलंय, तेव्हा अगदीच गप्प असतो असंही नाही.

प्रश्न : त्या खुर्चीत बाई असेल तर इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? आणि मोबाईलचा स्पीकर तो वेगळा का? – एक वाचक, वाई

उत्तर : मॅडम स्पीकर. बेटी बूथरॉइड डेप्युटी स्पीकर असताना एका सदस्याने हेच विचारलं, तर म्हणाल्या, मला मॅडम म्हणा. १९९२ मध्ये त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला स्पीकर झाल्या, आपल्या लोकसभेत २००९ मध्ये मीरा कुमार.

मोबाईलचा स्पीकर म्हणजे लाउडस्पीकरमधला लाउड गळून उरलेला शब्द. भाषण देणारा वक्ताही स्पीकरच आणि मराठी स्पीकर म्हणजे मराठी भाषक. लिहिताना एवढंच लक्षात ठेवा, त्या पदाबद्दल असेल तर पहिलं अक्षर शक्यतो कॅपिटल, गणपतीच्या मांडवातल्या स्पीकरला त्याची गरज नाही, तो आधीच पुरेसा मोठा असतो.