वाचक विचारतात: मुंबईचं ‘नेट झिरो’ आणि आपली राख

प्रश्न: भाऊ, नमस्कार. पेपरात वाचलं, मुंबई 2050 पर्यंत नेट झिरो होणार म्हणे. कोळसा आमच्या जिल्ह्यातून निघतो, टॉवरलाइन आमच्या धुऱ्यावरून जाते, कापूस वेचताना बोटं राखेनं काळी होतात. हा कार्बन आमच्या नावावर टाकून मुंबईवाले मोकळे होणार काय? दुसरं, पोराचं आयटीआय इलेक्ट्रिशियन झालं. वीज केंद्रात कंत्राटावर लावू की नको?
– एक कास्तकार, चंद्रपूर जिल्हा

उत्तर: मुंबई तशी सुटत नाही, भाऊ. नेट झिरो म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा, तेवढाच परत शोषून घ्यायचा. वीज ज्या शहरानं वापरली त्याच्याच खात्यात कार्बन पडतो, चिमणी कुठंही असो. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. त्यात 2019 चं उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन धरलंय, आणि त्यातलं 72 टक्के ऊर्जेचं, म्हणजे मुख्यतः घरं, दुकानं, ऑफिसांतल्या विजेचं. गाड्यांचा धूर डोळ्यांत भरतो, पण वाहतुकीचा वाटा 20 टक्क्यांच्या आसपासच. माझी अख्खी नोकरी वीज केंद्रात बॉयलरजवळ झाली. युनिटभर विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड वर जातो. जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वजन वाढतं.

टॉवरलाइनचं मात्र सगळं पाप मुंबईच्या माथी मारू नका. चंद्रपूर ते पडघा ही 500 किलोव्होल्टची डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची) लाइन 1999 पासून आहे, साडेसातशे किलोमीटर लांब, 1500 मेगावॅट नेणारी. पडघा ठाणे जिल्ह्यात. तिथं वीज ग्रिडमध्ये, म्हणजे तारांच्या सामाईक जाळ्यात, मिसळली की कल्याण-भिवंडीचे कारखानेही तीच वापरतात. मुंबईला ट्रॉम्बे, डहाणूची वीज आहे, खोपोली-भिऱ्याची पाण्यावरचीही आहे. आणि रात्री ओलिताला आपला मोटरपंप चालतो तो तरी कशावर?

आता राख. कार्बनच्या हिशेबात तिला रकानाच नाही. आपल्या कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. मुंबईनं उद्या सगळे आकडे गाठले तरी तुमच्या बोंडांवरचा थर त्या हिशेबात कुठं दिसणार नाही. त्याचा कायदा वेगळा: 31 डिसेंबर 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांनी सगळी राख विटा, सिमेंट, रस्त्यांत वापरायची आहे. ग्रामसभेचा ठराव करा, वेचणीच्या दिवसांतले तारखेसह फोटो लावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात पोच घेऊनच द्या. तोंडी तक्रार कोणी लिहून घेत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

मुंबईचं लक्ष्य 2030 पर्यंत 30 टक्के घट, 2040 पर्यंत 44, आणि 2050 ला नेट झिरो. म्हणजे निम्म्याहून जास्त ओझं शेवटच्या दहा वर्षांवर ढकललंय. मला हे काही पटत नाही. तरी देशाचं लक्ष्य 2070 चं आहे, त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

पोराचं म्हणाल तर तो रिटायर होईल 2060 च्या पुढं. चंद्रपूर केंद्राचे 210 मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच बंद झालेत. कंत्राटावर वर्ष-दोन वर्षं काम शिकायला लागू द्या, पण कोळसा हाताळणीत नको, स्विचयार्डात, म्हणजे जिथून वीज बाहेरच्या लाइनवर जाते त्या आवारात. ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मर सोलरच्या विजेलाही लागतात. महापारेषण या वीज वाहून नेणाऱ्या सरकारी कंपनीच्या इलेक्ट्रिशियन अप्रेंटिसच्या जाहिराती निघतात, त्यावर नजर ठेवा आणि आयटीआयच्या मार्कशीटच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा.