‘पाठवतो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

विचारणा अशी : साहेब फोनवर म्हणाले, फाइल अजून आली नाही. उत्तर दिलं, ‘आय ॲम गोइंग टू सेंड इट.’ शेजारच्या टेबलावरून दुरुस्ती आली, ‘आय विल सेंड इट’ म्हण. बरोबर कोण?

व्याकरणात दोन्ही बसतात. पण ‘गोइंग टू’ म्हणजे ‘पाठवणार आहे’, बेत आधीचाच. साहेब मनात म्हणणार, मग अडलंय कुठं? ‘आय विल’ म्हणजे आत्ता ठरवलं, शब्द दिला. दुरुस्ती रास्त आहे.

खरी गोची पुढे आहे. शाळेत ‘विल’ म्हणजे ‘-ईन’ असं पाठ केलेलं असतं. पण साहेबांना आपण मराठीत ‘पाठवीन’ म्हणू का? त्यात ‘बघू, सवड झाली की’ असा वास येतो. आपण म्हणतो ‘पाठवतो’. बेल वाजली की ‘मी बघते’, हॉटेलात ‘मी चहा घेतो’. रूप वर्तमानकाळाचं, आणि इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय विल’. म्हणून ‘आय ॲम सेंडिंग’ तोंडात येतं. त्याचा अर्थ मात्र ‘पाठवतोय’, म्हणजे बोट बटणावर, नाहीतर उद्याचं पक्कं ठरलेलं. ‘उद्या दहाला डॉक्टरकडे जातेय’ हे त्यातलं : वेळ घेतलेली आहे.

वेळापत्रकाला दोन्ही भाषांत साधा वर्तमान. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला ‘सुटते’, ‘लीव्ज’. आभाळ भरून आलं की ‘पडणार आता’, ‘इट्स गोइंग टू रेन’. इथं डोकं लावायला नको.

‘शॅल’चं काय? ‘आय’ला ‘शॅल’ आणि ‘ही’ला ‘विल’, हा नियम जॉन वॉलिस यांनी 1653 च्या व्याकरणात मांडला. अनंताचं आडवं आठ हे चिन्ह रूढ करणारे गणिती ते हेच. व्याकरण इंग्रजीचं, पण लिहिलेलं लॅटिनमध्ये! आज बोलताना ‘शॅल आय ओपन द विंडो?’, ‘उघडू का?’, एवढ्यापुरतं ‘शॅल’ ठेवलं तरी भागतं.

आणि ‘विल’ दर वेळी भविष्याचं नसतंच. बेल वाजल्यावर ‘दूधवाला असेल’ म्हणतो, तसंच ‘दॅट विल बी द मिल्कमन’. तो दारात उभा आहे, आत्ता.

‘आलोच’ मात्र इंग्रजीत नेता येत नाही. माणूस अजून आंघोळीला बसलेला, क्रियापद भूतकाळात. तिथं ‘आय ॲम कमिंग’वर समाधान मानायचं.